लेन्सच्या तोंडावरची काच: धुळीत, भंडाऱ्यात आणि लगीनसराईत प्रोटेक्शन फिल्टर कसा निवडायचा

नवी लेन्स घेतली की काउंटरवरच प्रश्न येतो, "यूव्ही लावून देऊ का?" यूव्ही म्हणजे अतिनील किरण अडवणारा, लेन्सच्या तोंडावर बसवायचा फिल्टर. साठ-सत्तर हजारांच्या लेन्सपुढे दोन-तीनशे रुपयांची काच आपण मान डोलावून बसवून घेतो आणि ती तिथंच मुरते. पुढे फोटो धुरकट आला, रात्रीच्या शॉटमध्ये हिरवे ठिपके दिसले, की शिव्या कॅमेऱ्याला बसतात.

फिल्टर लावावा की लावू नये, हा कॅमेरावाल्यांतला जुना वाद. मराठवाड्यात उघड्यावर काम करणाऱ्याने तो बाळगावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण दोन अटींवर: काच चांगली हवी आणि फिल्टर नडेल तेव्हा दोन बोटांनी काढता यायला हवा.

तो कशापासून वाचवतो

आधी धूळ. काचेचा कठीणपणा मोह्जच्या मापावर साधारण साडेपाच, तर गारगोटीचा ७. गोदावरीच्या वाळूत, खडी क्रशरच्या भुकटीत, कच्च्या रस्त्यावरच्या फुफाट्यात गारगोटीचे बारीक कण असतातच. परळीकडे रस्त्यावर उडणारी औष्णिक केंद्राची राखही काही मऊ नसते. हे कण लेन्सवर नुसते बसले तर काही बिघडत नाही. ओरखडा पडतो तो आपण शर्टाच्या टोकाने ते पुसतो तेव्हा. दिवसातून दहादा तोंड पुसावं लागणार असेल, तर ते पुसणं बदलता येण्याजोग्या काचेवर झालेलं बरं, एवढंच फिल्टरचं खरं काम आहे.

काळ्या मातीची धूळ आणखी वेगळी. कोरडी असताना फुंकरीने उडते, पण तिच्यावर दवाचा किंवा घामाचा थेंब पडला की चिकणमाती होऊन बसते. सोयाबीनच्या मळणीवर फोटो काढताना भुसा आणि माती एकदमच येतात. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू उडतात. ते काचेला काही करत नाहीत, पण लेन्सच्या पुढच्या रिंगच्या खाचेत अडकले की चिमट्याने काढत बसावं लागतं.

मग हळद. माळेगावच्या यात्रेत भंडारा उधळला जातो तेव्हा पिवळा ढग कॅमेऱ्यापर्यंत येणार हे ठरलेलंच. वसमत-हिंगोलीकडे हळद पॉलिश करण्याच्या ड्रमजवळ उभं राहिलात तरी तेच. हळदीची पूड किंचित तेलकट असते आणि तिचा रंग पाण्यात विरघळत नाही. ओल्या कापडाने पुसायला जाल तर ती काचभर पसरेल. गुलालाचंही तसंच, तो इतका बारीक असतो की झूम रिंगच्या फटीतूनही आत शिरतो, आणि तिथं फिल्टर काहीच करू शकत नाही.

लग्नात दोन गोष्टी. अक्षता, मग त्या तांदळाच्या असोत की ज्वारीच्या, काचेला काही करत नाहीत. मात्र कुंकू लागलेल्या असतील तर डाग ठेवतात. दुसरी गोष्ट गंभीर आहे: नवरा-नवरीच्या एन्ट्रीला लावतात ते कोल्ड पायरो. नाव कोल्ड असलं तरी त्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या धातूचे कण. वाइड लेन्स लावून दोन मीटरच्या आत घुसलात तर कण काचेवर चिकटून बारीक खड्डा पाडू शकतो. खड्डा पडलेला फिल्टर फेकून देता येतो. लेन्सची पुढची काच सर्व्हिस सेंटरला बदलून घ्यायची तर खर्च हजारांत जातो आणि लगीनसराईत लेन्स हातातून जाते ती वेगळीच.

काही महागड्या लेन्समध्ये आणखी एक कारण असतं. कॅननच्या १७-४० एफ ४ एल सारख्या लेन्स धूळ-पाण्यापासून सील केलेल्या आहेत खऱ्या, पण पुढे फिल्टर बसवला तरच तो सील पूर्ण होतो, असं कंपनीच सांगते. आपल्या लेन्सचं माहितीपत्रक एकदा वाचून बघा.

कशापासून वाचवत नाही

पडण्यापासून. फिल्टरची काच पातळ असते. लेन्सच्या जाड काचेला काही झालं नसतं अशा धक्क्यालाही ती फुटते आणि तिचे तुकडे आत लेन्सवर घासतात. "फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली" हे वाक्य नेहमी ऐकू येतं, त्यातल्या बऱ्याच वेळा लेन्स तशीही वाचलीच असती. फिल्टरची रिंग मात्र उपयोगी पडते. तोंडावर आपटल्यावर चेपते ती फिल्टरची रिंग, लेन्सचे आटे शाबूत राहण्याची शक्यता वाढते. धक्क्यासाठी खरं संरक्षण म्हणजे हूड, लेन्सच्या तोंडाभोवती पुढे येणारं कडं. तो प्लॅस्टिकचा असतो, लवचीक असतो, आपटला की धक्का स्वतः खातो किंवा निखळून पडतो. वरातीच्या गर्दीत कोपर लागतं ते हुडाला. फिल्टर आणि हूड यांतलं एकच परवडत असेल तर आधी हूड घ्या.

डीजेच्या गाडीवरच्या लेसरपासून तर अजिबातच वाचवत नाही. लेसरचा किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा जळका ठिपका उमटू शकतो. क्लिअर काचेतून आणि यूव्ही काचेतून तो सारखाच आरपार जातो. गणपती विसर्जनात किंवा वरातीत लेसर फिरत असेल तर कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे वळवायचं. सूर्यग्रहणाचंही तेच: यूव्ही नाव आहे म्हणून सूर्याकडे रोखायला तो चालत नाही. त्यासाठी वेगळा सोलर फिल्टर लागतो.

माप

फिल्टर मापाने घ्यायचा असतो, आणि इथंच नवखे चुकतात. लेन्सवर "५० मिमी" किंवा "१८-५५ मिमी" लिहिलेलं असतं ती फोकल लेन्थ. तिचा फिल्टरशी संबंध नाही. वर्तुळातून तिरकी रेघ गेलेलं एक चिन्ह लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा आतल्या गोलावर असतं, त्याच्या शेजारचा आकडा बघायचा. बऱ्याच कॅपच्या आतल्या बाजूलाही आकडा असतो, मात्र कॅप मूळ त्याच लेन्सची आहे याची खात्री करा. स्टुडिओत कॅपांची अदलाबदल कायम होते.

नेहमीच्या लेन्सची मापं सांगायची तर कॅननच्या ईएफ-एस १८-५५ आयएस एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम या दोन्हींना ५८ मिमी लागतो. निकॉनच्या १८-५५ मध्ये जुन्या एएफ-एसला ५२ आणि नंतरच्या एएफ-पीला ५५, म्हणून नुसतं "निकॉनची किट लेन्स" सांगून मागवू नका. कॅननच्या ईएफ ५० एफ १.८ एसटीएमला ४९, निकॉनच्या ५० एफ १.८ जीला ५८. टॅमरॉनच्या २८-७५ एफ २.८ ला ६७. बहुतेक ७०-२०० एफ २.८ लेन्स ७७ मध्ये बसतात. नाथसागरावर रोहित टिपायला लोक नेतात त्या निकॉन २००-५०० किंवा टॅमरॉन १५०-६०० जी२ ला ९५ मिमी लागतो, आणि त्या मापात चांगली काच घ्यायची तर खिसा हलका होतो.

मोठ्या मापाचा एकच फिल्टर घेऊन स्टेप-अप रिंगने (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारं कडं) सगळ्या लेन्सना वापरायची युक्ती पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आणि एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) यांच्यासाठी उत्तम आहे. प्रोटेक्शन फिल्टरसाठी ती करू नका. रिंग चढली की हूड बसत नाही आणि मूळ कॅपही निरुपयोगी होते. ज्या लेन्सला कायम फिल्टर हवा तिला तिच्याच मापाचा.

समोर फुगीर काच असलेल्या काही अतिवाइड लेन्सना, उदाहरणार्थ निकॉनच्या जुन्या १४-२४ एफ २.८ ला, पुढे आटेच नसतात. तिथं हा विषयच संपतो. झाकण लावायची सवय ठेवायची, बस.

यूव्ही, स्कायलाइट की क्लिअर

फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टरला अर्थ होता. फिल्मला अतिनील किरण दिसायचे आणि दूरचे डोंगर निळसर, धुरकट यायचे. डिजिटल सेन्सरच्या पुढे कंपनीनेच अतिनील आणि अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. त्यामुळे आजच्या कॅमेऱ्यावर यूव्ही आणि क्लिअर यांच्या फोटोत फरक शोधून सापडत नाही. देवगिरीच्या किल्ल्यावरून दुपारी दिसणारा धूसरपणा हवेतल्या धुळीचा आणि उष्णतेचा असतो. यूव्हीने तो जात नाही. सकाळी लवकर गेलात तर जातो.

जोरदार यूव्ही फिल्टरांत किंचित पिवळसर झाक असते, स्कायलाइटमध्ये गुलाबी. व्हाइट बॅलन्स तो फरक झाकून टाकतो, तरी दोन कॅमेऱ्यांवर एकच लग्न शूट होत असेल आणि एकावरच तसा फिल्टर असेल, तर व्हिडिओ जुळवताना डोकं फिरतं. म्हणून "क्लिअर" किंवा "प्रोटेक्टर" लिहिलेला घ्या. त्याच दर्जाचा यूव्ही स्वस्तात मिळत असेल तर तोही चालेल.

पोलरायझरला कायमचा पहारेकरी करू नका. तो एक ते दोन स्टॉप, म्हणजे अर्धा ते पाऊण प्रकाश खातो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, उजेड मुळातच तोकडा. तिथं पोलरायझर विसरून लावलेला राहिला तर आयएसओ विनाकारण दुप्पट-चौपट करावा लागतो. मंगल कार्यालयातही तेच.

पैसे कोटिंगला द्यायचे

फिल्टरच्या किमतीतला खरा फरक इथं आहे. साध्या, कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. पृष्ठभाग दोन, म्हणजे ८ टक्के गेले. प्रकाश कमी झाला याचं फार वाईट वाटायला नको. परत फेकलेला प्रकाश आतल्या आत हिंडून सावल्यांत शिरतो आणि कॉन्ट्रास्ट मारतो, हे खरं दुखणं. चांगल्या मल्टिकोटेड काचेत दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच परावर्तन होतं.

डब्यावर काय छापलंय यावर जाऊ नका, काच बघा. कोणत्याही दुकानात ट्यूबलाइट असतेच. फिल्टर हातात आडवा धरून तिरका करा आणि त्यात ट्यूबचं प्रतिबिंब पाडा. कोटिंग नसेल तर खिडकीच्या काचेत दिसते तशी पांढरी, लख्ख ट्यूब दिसेल. एकपदरी कोटिंगमध्ये ती निळसर आणि जरा मंद होते. मल्टिकोटेडमध्ये प्रतिबिंब शोधावं लागतं, आणि सापडतं ते गडद हिरवं, जांभळं किंवा तांबूस. नीट बघितलं तर एकाला एक लागून दोन ट्यूब दिसतात, एक पुढच्या पृष्ठभागाची, एक मागच्या. दोन्ही मंद आणि रंगीत हव्यात. एक रंगीत आणि एक पांढरी दिसली तर कोटिंग एकाच बाजूला आहे. असे फिल्टरही "कोटेड" म्हणून विकले जातात. मग फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवा. काचेतून दिसणारा कागद आणि बाहेरचा कागद यांच्या रंगात फरक दिसला तर ती झाक फोटोतही येणार.

नावं ओळखायची तर होयाचं एचएमसी आणि बी प्लस डब्ल्यूचं एमआरसी ही मल्टिकोटिंगचीच नावं. केन्को, मारूमी, निसी, के अँड एफ यांच्याकडेही मल्टिकोटेड क्लिअर काच मिळते. मात्र एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि नामांकित नावांची नक्कलही बाजारात येते. म्हणून ट्यूबलाइटची परीक्षा ब्रँड कोणताही असला तरी घ्यायची. ऑनलाइन मागवला तर परत करायची मुदत संपायच्या आत घ्यायची.

वरून पाणी आणि तेल न चिकटणारा थर असलेला फिल्टर मिळाला तर आपल्याकडे त्याचे पैसे वसूल होतात. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो पसरत नाही, मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. भंडारा, बोटांचे ठसे, लग्नाच्या पंगतीतलं तुपाचं बोट, सगळं एका पुसण्यात निघतं. ज्याच्यावर असा थर नाही त्याच्यावर तोच ठसा चार वेळा फिरवून फिरवून पुसावा लागतो.

रिंग

रिंग पितळेची की ॲल्युमिनियमची? पितळेची जड आणि महाग, पण लेन्सच्या आट्यांत सहजासहजी जाम होत नाही. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं, त्यात माती आली, की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. फिल्टर वारंवार काढायचा असेल, आणि तो काढायला हवाच, तर पितळ घ्या. बऱ्याच लेन्सचे पुढचे आटे आता प्लॅस्टिकचे असतात. तिथं ॲल्युमिनियमची रिंग चालते, फक्त बसवताना आडवी जाऊ देऊ नका.

स्लिम रिंग वाइड लेन्सला लागते, म्हणजे फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) २४ मिमीपेक्षा वाइड, क्रॉप (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण १६ पेक्षा. जाड रिंग तिथं फ्रेमच्या कोपऱ्यांत काळी येते. पारखायचं कसं: झूम सगळ्यात वाइडला, फोकस अनंताला, अपर्चर एफ १६, समोर मोकळं आभाळ किंवा पांढरी भिंत. चारही कोपरे बघा. रिंगची सावली असेल तर छोट्या अपर्चरला तिची कड ठळक दिसते. लेन्सचा स्वतःचा काळेपणा मोठ्या अपर्चरला जास्त आणि एफ ८ नंतर बराच कमी होतो, त्यामुळे दोन्हींत गल्लत होत नाही.

स्लिम घेताना पुढच्या बाजूला आटे आहेत का ते बोट फिरवून पाहा. अगदी पातळ रिंगला ते नसतात, आणि मग चिमटीची कॅप बसत नाही. कॅप न बसणारा फिल्टर मराठवाड्यात घेण्यात काही राम नाही.

शेवटचं, फिल्टर कानाजवळ धरून हळूच हलवा. काच रिंगमध्ये खुळखुळली तर परत द्या.

लांबच्या लेन्सवर खरी परीक्षा

किट लेन्सवर खराब फिल्टरही निभावून जातो. ३००-४०० मिमीच्या पुढे निभावत नाही. काचेचे दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि एकमेकांना समांतर नसतील तर तो दोष लांब फोकल लेन्थला वाढून दिसतो: फोटो "जवळजवळ शार्प" येतो, पक्ष्याच्या पिसांच्या कडा दुहेरी होतात, मागच्या फांद्यांचा धुरकटपणा गुळगुळीत न येता रेघाळलेला येतो. लोक ऑटोफोकसला दोष देतात.

तपासायला सकाळची वेळ घ्या, कारण दुपारच्या तापलेल्या हवेतच चित्र हलतं आणि निकाल खोटा येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. पंचवीस-तीस मीटरवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा. फिल्टर लावून तीन फोटो, काढून तीन फोटो, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून. कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून बारीक अक्षरं वाचा. फिल्टरशिवाय वाचता येणारी ओळ फिल्टरसह वाचता येत नसेल तर तो फिल्टर त्या लेन्सचा नाही. ९५ मिमीचा चांगला फिल्टर परवडत नसेल तर स्वस्तातला लावण्यापेक्षा हूड लावून उघडीच वापरा. मोठ्या टेलीचा, म्हणजे लांबच्या लेन्सचा हूड खोल असतो, धूळ आणि बोटं दोन्ही काचेपर्यंत क्वचितच पोचतात.

कुठं काढून ठेवायचा

काळ्या पार्श्वभूमीवर लख्ख दिवा आला की फिल्टर उघडा पडतो. दीपमाळ, आरतीचं ताट, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याची रात्रीची रोषणाई, स्टेजवरचे एलईडी, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे. प्रकाश सेन्सरवर आपटून मागे फिरतो, फिल्टरच्या सपाट मागच्या पृष्ठभागावरून पुन्हा परततो आणि सेन्सरवर दुसरं, मंद चित्र उमटवतो. त्याची ओळख सोपी आहे. दिवा फ्रेमच्या डावीकडे वर असेल तर हिरवट ठिपका उजवीकडे खाली, मध्यबिंदूपासून तितक्याच अंतरावर. दिव्यांची माळ असेल तर उलटी माळ. कॅमेरा थोडा फिरवला की ठिपका विरुद्ध दिशेला पळतो. हे दिसलं की वाद न घालता फिल्टर काढा. लेन्सच्या वक्र काचा असं नेमकं उलटं चित्र सहसा देत नाहीत.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतर उन्हं आत शिरतात, आणि आतून दाराकडे रोखलेल्या फ्रेममध्ये अंधार व ऊन एकत्र येतात. फिल्टरवर धुळीचा पातळ थर असेल तर सगळ्या फ्रेमवर दुधाळ पडदा येतो. तिथं काढायचा, बाहेर धुळीत आलात की परत लावायचा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवतात त्या काचेचंही गणित हेच. रात्री दिव्याभोवती तारे-रेषा उठायला लागल्या तर आधी ती काच सोलून बघा.

बसवणं आणि अडकलेला काढणं

बसवताना लेन्सचं तोंड वर करा. आधी ब्लोअरने लेन्सची काच, फिल्टरची मागची बाजू आणि आटे झटका. आत एक कण राहिला की बाहेरून कितीही पुसा, तो जात नाही. फिल्टर आट्यांवर सपाट ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने, हलका फिरवा. एका जागी तो बारीकसा "टक्" करून खाली बसतो. आट्याची सुरुवात तिथं जुळली. आता सरळ फिरवा. सहज फिरायला हवा. अर्ध्या वेढ्यातच जोर लागला तर आटे आडवे गेलेत, काढून पुन्हा सुरू करा. जोराने पुढे रेटलात तर प्लॅस्टिकचे आटे सोलून निघतात. शेवटाला टेकला की थांबायचं आणि केसभर मागे घ्यायचं. आवळायचा नाही.

तरी अडकतोच, विशेषतः मेमध्ये गाडीत बॅग तापली असेल किंवा आट्यांत माती गेली असेल तर. अशा वेळी माणूस दोन बोटांनी अजून जोरात दाबतो आणि तिथंच घोटाळा होतो: पातळ रिंग दोन बाजूंनी दाबली की गोलाची लंबगोल होते आणि आट्यांना आणखी धरते. पकड सगळीकडून सारखी हवी. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन सेंटिमीटर रुंद काप घ्या, धुऊन कोरडा करा, रिंगभोवती गुंडाळा आणि तळहात पूर्ण गोलावर ठेवून हलकेच फिरवा. नाहीच झालं तर स्वच्छ रबरी चटईवर लेन्स तोंडाकडून सपाट टेकवून, हलका दाब देत लेन्स फिरवा, म्हणजे रिंगच्या पूर्ण कडेला पकड मिळते. त्यावरही हटला तर फिल्टर रेंचची जोडी मागवा, ती स्वस्त असते. गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो आट्यांतून लेन्सवर ओघळतो. फ्रीजमध्येही ठेवू नका. बाहेर काढताच आत-बाहेर दव धरतं.

पुसताना

क्रम चुकवायचा नाही: ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर, आणि कापड सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पंक्चरवाल्याच्या हवेच्या पाइपने झटकायचा मोह अनेकांना होतो. त्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल आणि पाणी असतं, आणि तिच्या जोराने धूळ आत घुसते. गमछा, उपरणं, शर्ट नको. खिडक्या पुसायचा निळा स्प्रेही नको, त्यातला अमोनिया कोटिंगला मानवतो की नाही हे आपल्या फिल्टरवर कशाला तपासायचं.

भंडारा असेल तर फिल्टर लेन्सवरून काढून उलटा धरा, ब्लोअरने शक्य तेवढी पूड झाडा, मग मायक्रोफायबरच्या टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. पिवळा रंग अल्कोहोलमध्ये सुटतो. कापडाची ती बाजू परत वापरू नका, नाही तर पिवळेपणा नुसता फिरत राहील. थेंब कापडावर टाकायचे. काचेवर टाकलेला द्रव रिंगच्या कडेतून आत जातो.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी फिल्टर काढून मागची बाजू बघा. लेन्स आणि फिल्टर यांच्यामधली हवा कोंडलेली असते, ओल राहिली तर बुरशी धरायला तेवढं पुरतं. ठेवताना बॅगेत सिलिका जेल असावं, आणि ते रंग बदललं की तापवून कोरडं करावं.

बदलायचा कधी

एखाद्या बारीक ओरखड्याने फोटोला काही होत नाही, घाबरून बदलू नका. उन्हाच्या दिशेने रोखून बघा: ओरखड्याशी ऊन पसरतंय, कोटिंगचे पापुद्रे निघालेत, पायरोचे काळे ठिपके पुसून जात नाहीत, किंवा रिंग चेपून आट्यांत अडकायला लागली आहे, तर त्याची वेळ झाली. किमतीचा ढोबळ अंदाज म्हणून लेन्सच्या पाच ते दहा टक्के फिल्टरला ठेवावेत. स्वस्तातल्या ५० एफ १.८ ला मात्र हे गणित लावू नका. तिला एक हूड आणि कॅप पुरे.

फिल्टर फुटलाच तर लगेच फिरवायला जाऊ नका. कॅमेरा बंद करा, लेन्स तोंड खाली करून धरा, ब्लोअरने तुकडे खाली पाडा, मोठे तुकडे चिमट्याने काढा. काचेचा चुरा आट्यांत असताना रिंग फिरवली तर तो आटेही खातो आणि लेन्सवरही पडतो. रिंग निघाली की लेन्स तशीच उलटी धरून पुन्हा ब्लोअर, आणि चुरा पूर्ण गेल्याची टॉर्चने खात्री होईपर्यंत कापड लावायचं नाही.